लेकुरवाळीचा साचा

पापान नावाच्या त्या पोटुशी पोरीने चटईवरच्या रांगेतली एक मातीची लेकुरवाळी उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि मग काय मनात आलं कोणास ठाऊक, हात लांबवून ती मोसेलच्या गालाशी नेऊन धरली. "अगंबाई! ह्या तर तुम्हीच!" ती म्हणाली आणि खुदकन हसली. बरोबर आलेली तिची सासू वाकून बघायला लागली. "खरंच की. वरचा ओठ बघ, आखूड. दोन दात दिसतायत. अगदी ह्यांच्यासारखे." मोसेलही हसली. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, ही बाजारातली जुनी सवय. पण हसताना ओठ आणखी वर गेला असणार, असं तिला वाटलं आणि तिने चटकन तोंड मिटलं. शेजारी मिठाच्या ढेपा मांडून बसणारी अनान मांडीवर थापा मारून हसत होती. "आत्ता कळलं होय तुला? अख्ख्या त्लातेलोल्कोच्या बाजाराला ठाऊक आहे ते! तुझ्यामागे आम्ही तुला काय म्हणतो सांगू? मातीची मोसेल!" "म्हणा की," मोसेल म्हणाली, "माती काय नि मोसेल काय, दोघी विकायलाच बसल्यात." आजूबाजूच्या बायका आणखी हसल्या. आपल्याला हे सुचलं कसं, आणि ते सुचत असताना कानशिलं अशी तापली का, हे तिला कळेना. पापानने मूर्ती परत छातीशी घेतली होती. हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "मला हीच द्या. दुसरीकडच्या पाहिल्या मी. त्यांचे डोळे कसे वटारलेले असतात. ही घाबरलेली नाही. सुईणबाईपण म्हणाल्या, मोसेलकडचीच आण, ती घाबरलेली नसते." मोसेलने कणसाची सालं घेतली, मूर्ती त्यात गुंडाळली, दोरा बांधला. गुंडाळताना मूर्तीच्या तोंडाकडे बघायचं तिने टाळलं. रोज हजारदा बघितलेलं तोंड, आणि आता ते सालांखाली गेलं तेव्हा एखाद्या उघड्या बाईवर पांघरूण घालावं तसं तिला झालं.

त्या दिवशी तिने उन्हं डोक्यावर असतानाच चटई आवरली. डोकं चढलंय असं अनानला सांगितलं. अनान म्हणाली, "अगं रागावलीस की काय? चांगलंच आहे की ते." चांगलंच होतं. हातात लेकरू घेतलेली, केसांची दोन शिंगं डोक्यावर वळवलेली, पाय जमिनीला घट्ट लावून उभी राहिलेली बाई. शहरातल्या कुठल्याही बाईला आपण तसं दिसावं असंच वाटलं असतं. टोपली पाठीला लावून मोसेल कालव्याच्या कडेने चालायला लागली. कडेच्या घरांतून मका दळल्याचे आवाज येत होते, भाकऱ्यांचा वास येत होता, आणि तिच्या मनात आलं की ह्या घरातही मी असेन. चुलीमागे, बाळंतिणी शेकतात त्या वाफेच्या खोलीच्या भिंतीत खोचलेली, बाळंतिणीच्या उशाशी. त्या पलीकडच्या घरातही. ज्यांची बाळंतपणं निभावली त्यांनी मोडून काठावर टाकलेलीही मीच. पायाखाली लाल खापराचे तुकडे होते. ते मूर्तीचे होते की फुटक्या गाडग्याचे ते तिने वाकून पाहिलं नाही, पण पाय मात्र जपून टाकायला लागली, आणि आपण जपून चालतोय हे लक्षात आल्यावर पुन्हा मुद्दाम दाणदाण चालली. समोरून येणाऱ्या बाया ओळखीचं हसत होत्या. नेहमीच हसायच्या. आज प्रत्येकीच्या हसण्यात काहीतरी असल्यासारखं वाटत होतं. ह्यांना ठाऊक आहे की मला मूल नाही. ठाऊक असूनच ह्या माझ्याकडून आई विकत घेतात. मागे काय बोलत असतील? बिचारी म्हणत असतील. का कोण जाणे, कोणी वांझ म्हटलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं.

पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती, आणि ती ह्या बायांना ठाऊक नव्हती. तो ओठ. साच्यातून मूर्ती सोडवली की तो आखूड ओठ तिला खुपायचा. साच्यातच खोट आहे, असं ती धरून चालली होती. अंगठा ओला करून ती तो ओठ खाली ओढायची, दात बुजवून टाकायची. कितीतरी मूर्ती तिने तशा दुरुस्त केल्या होत्या. मग एकदा तिचा नवरा सोलिन, साचे कोरायचं काम त्याचं, मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "राहू दे तो तसाच." बस, एवढंच. ती म्हणाली होती, "तुमच्या हातची चूक झाकते तर तेही नको." पण तेव्हापासून तिने ओठाला हात लावला नव्हता. आता कालव्याच्या कडेला उभी राहून तिला तो मागे उभा असलेला जाणवला, त्याच्या श्वासासकट. आरसे सरदारांच्या घरी. तिने स्वतःचं तोंड पाहिलं होतं ते पाण्यात, आणि पाण्यावर वाकलं की माणूस तोंड मिटूनच वाकतं. तरी पण. जिभेला तर रोज ते दात लागत होते. माणसाला स्वतःचं तोंड कळू नये, इतकं कसं काय ते बाजूला ठेवता येतं?

साचा कोरला तेव्हा ती पोटुशी होती. तेवढी एकदाच. सासूबाई, त्यांचं नाव तेइकु, नुसत्या नाचत होत्या. दिवसा झोपू नकोस, पोराच्या पापण्या सुजतील. डिंक चघळू नकोस, टाळू कडक होईल. मोसेल सगळं मुकाट ऐकायची आणि आत एकच गोष्ट बघत राहायची. थोरल्या बहिणीचे पाय. बहीण बाळंतपणात गेली तेव्हा मोसेल लहान होती, आणि गर्दीतून तिला दिसले ते फक्त पाय, टाचा मातीने भरलेल्या. म्हाताऱ्या सुइणी हातात ढाली घेऊन प्रेताभोवती चालत होत्या, कारण लढाईवर जाणाऱ्या पोरांना अशा बाईचं बोट हवं असतं, केस हवे असतात, ताईत करायला. ती पोरं खरोखरच झोंबत होती, आरडाओरडा चालला होता, आणि लोक आईला सांगत होते, रडू नकोस, बाळंतपण हेही रणच, तुझी लेक रणात पडली, ती आता सूर्याबरोबर चालणार, केवढा मान. आई रडली नव्हती. मोसेलने त्या मानाकडे बघितलं होतं आणि असला मान आपल्याला नको, हे तिच्या मनात कायमचं बसलं. म्हणून पोटात पोर हालायला लागलं तेव्हा तिला वाटलं, आत कोणीतरी दार ठोठावतंय आणि आपण श्वास धरून गप्प बसलोय. सोलिन समोर ओसरीवर माती घेऊन बसायचा. ती घेवड्याच्या शेंगा सोलत असायची. "जरा तोंड वर कर," तो म्हणायचा. तिला वाटायचं, शेंगांत केस पडताहेत म्हणून सांगतोय. ती तोंड वर करायची, आणि त्या तोंडावर तेव्हा काय असेल, भीतीशिवाय दुसरं काय असेल? तो मात्र ते बघून ही बाई करत होता. न घाबरलेली.

मग एका सकाळी पाट्यावर मका दळता दळता पोट दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. सासूबाईंनी ऊर बडवून घेतला. सोलिन बाहेर भिंतीला पाठ लावून बसून राहिला. मोसेल भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि सगळ्यांना वाटलं, पोरीने हाय खाल्ली. तिचा जीव भांड्यात पडला होता. दुसरा शब्द नाही त्याला. वाचले, असं तिच्या मनात स्वच्छ आलं, आणि गाढ झोप लागली. उठली तेव्हा भूक लागलेली. तिने भाकरी मागून घेतली, मिरची लावून खाल्ली, आणखी एक खाल्ली. सासूबाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "बघ कशी खातेय. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून घास ढकलतेय गं पोर." मोसेल घास चावत होती. तो घास तेवढ्यापुरता तोंडात फिरला, पण मग तिने तो गिळला, कारण भूक खरी होती. पुढे पुन्हा कधी दिवस गेले नाहीत. सोलिनने दुसरी बाई आणली नाही. सासूबाई मरताना तिचा हात हातात घेऊन गेल्या.

घरी आली तेव्हा सोलिन अंगणात माती मळत होता. लव्हाळ्याचा कापूस मातीत घालून घालून मळत होता, आणि त्याच्या कोपरांना पांढरे धागे चिकटले होते. "आज लवकरशी?" "डोकं चढलंय." तिने टोपली उतरवली, पाणी प्यायली. विचारायचं नाही असं येताना तिने ठरवलं होतं. "ती लेकुरवाळी," ती म्हणाली, "तिला तोंड माझं घातलंत तुम्ही?"

त्याचे हात थांबले. "आज हे मधेच काय?"

"बाजारात एकजण म्हणाली."

"म्हणेना." त्याने मान वर केली. "का गं? तुला काय आत्ता कळलं?"

होडीतून उतरताना काठावर टाकलेला पाय लटपटावा तसा त्याचा आवाज झाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा दिसत होता. कपाळावर माती लागली होती. "छे," ती म्हणाली. "ठाऊक होतं. लोकांनाही दिसतं, ते आज कळलं."

त्याने श्वास सोडला आणि मातीवरून हात काढून घेतले. तो फार बोलणारा माणूस नव्हता. बाजारातली पोरं त्याला लावा म्हणायची, त्या पक्ष्यासारखा गवतात दबून बसतो म्हणून. पण त्या दिवशी तो बोलला. "मला वाटायचं, कधीतरी तू तो साचा माझ्या डोक्यात घालशील. आई म्हणाली होती, फोडून टाक. मी म्हटलं, तिला विचारतो. विचारायचं धाडसच होईना. मग एक दिवस बघतो तर तूच तो उचलून माती दाबत बसलेली. एक शब्द बोलली नाहीस. मी आत जाऊन रडलो, मोसेल. माझी नव्हती तेवढी छाती. अजून नाही. मी ती मूर्ती स्वतः कधी काढली? बघ आठवून. कुत्री काढली, माकडं काढली, देव काढले. ती नाही." मोसेलला आठवलं. कंबर धरते म्हणून तो ती काढत नाही, असं तिला वाटत आलं होतं. "आणि पोराच्या डोक्यापाशी आलीस की अंगठा हलका करतेस तू," तो म्हणाला. "मी बघत असतो. दर वेळी." मोसेल मान खाली घालून उभी राहिली. पोराचं डोकं साच्यात खोल होतं. तिथे जोर दिला की माती अडकून बसते, मूर्ती सुटताना मान तुटते. म्हणून अंगठा हलका. आणि तो साचा तिने त्या दिवशी उचलला, कारण तो हाताशी होता. तिला पक्कं आठवत होतं, कारण आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ह्या माणसाने एवढी वर्षं कोणा भलत्याच बाईबरोबर संसार केला, आणि ती बाई मूर्तीपेक्षाही घट्ट उभी होती. "जेवायला वाढू?" मोसेल म्हणाली. तिला वाटलं होतं मान दिल्याने माणूस फुगतो. तिला वाटत होतं, आपण चोरून कोणाच्या तरी चटईवर झोपलोय आणि घरमालक येऊन आपल्याला पांघरूण घालतोय.

काही दिवसांनी पापानची सासू होडी घेऊन दारात आली. ती पिसांचं काम करणारी माणसं, हात मऊ, बोलणं मऊ. "पोरीला कळा सुरू झाल्यात. तुम्हालाच बोलाव म्हणतेय. तेवढं या बाई, मी पाया पडते." मोसेल म्हणाली, "मी काय करणार तिथे? मी काय सुईण आहे?" सोलिन मागून म्हणाला, "जा. तुझ्याइतकं कोणाला जमणार?" ते तो होडीवाल्यालाही ऐकू जाईल असं बोलला. ती गेली. बहिणीनंतर बाळंतपणाच्या खोलीत ती पाऊल टाकत होती ते आज. आत धूर होता, ओल्या अंगाचा वास होता, आणि सुईण पापानच्या मागे बसून तिला खांद्यांना धरून ओरडत होती, "जोर लाव! कैदी धरून आणायचाय तुला, उंदीर नव्हे! नुसती चीं चीं करतेय!" पापानचे ओठ पांढरे पडले होते. मोसेलला बघताच तिने हात पुढे केला आणि मोसेलचा हात असा धरला की बोटं एकावर एक चढली. "तुम्ही नव्हतात ना घाबरला?" पोरगी म्हणाली. "सांगा ना. नव्हतात ना?"

नाही म्हणायचं होतं. तोंडात तेच होतं. एक खोटं घरी बोलून झालं होतं, दुसरं तर पुण्याचंच होतं. मोसेल वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं, आणि तिने स्वतःचाच आवाज ऐकला, "घाबरले होते. रोज घाबरत होते. पोर गेलं तेव्हा मला बरं वाटलं." पोरीने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. इतक्या जवळून कोणी कधी तिच्याकडे बघितलं नव्हतं. सुइणीचे कान तिखट. "काय बोललीस?" ती ओरडली. "ह्या खोलीत? असलं? ऊठ! बाहेर हो आधी! ही म्हणे लेकुरवाळी!" मोसेल हात सोडवून घेऊ लागली तर पोरीची बोटं सुटेनात. सुइणीने ती एकेक करून सोडवली.

अंगणात पिसांवर टोपल्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मोसेल त्यांच्यामध्ये बसली. पापानचा सासरा, त्याला काही ठाऊक नव्हतं, तो स्वतः मक्याच्या पेजेचा वाडगा घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "दमला असाल," तो म्हणाला. "आमच्या घराला तुमचाच आधार." तिने पेज घेतली. आत पोरगी ओरडत होती, आता चीं चीं नव्हती ती, मोठा जाडा आवाज होता, आणि मोसेलला वाटलं ही मेली तर माझ्या शब्दाने मेली. आणि वाटत असतानाही ती पेज पीत होती, कारण म्हातारा समोर उभा होता. टोपलीच्या फटीतून एक हिरवं पीस बाहेर आलं होतं. ते आत ढकलावं की नाही, याचा ती विचार करत राहिली. मग आतून सुइणीची आरोळी आली, रणात जिंकल्यावर देतात तशी, लांब, पुन्हा पुन्हा. मुलगी झाली होती. दोघीही धडधाकट होत्या. सासू धावत आली आणि मोसेलच्या पायांना हात लावायला लागली. "तुमचा पायगुण हो!" मोसेलने पाय मागे घेतले. तिला आत नेलं. सुईण हात धूत होती. तिने मोसेलकडे न बघता, ओठ न हलवल्यासारखं करत म्हटलं, "पोरगी निभावली म्हणून गप्प बसते. तोंड सांभाळत जा." पापान डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या. तिने डोळे उघडले नाहीत. मोसेल थोडा वेळ तिथे उभी राहिली, काहीतरी मिळायचं राहिलेल्या गिऱ्हाइकासारखी, आणि मग बाहेर आली. सासूने राजगिऱ्याच्या लाडवांचं पुडकं तिच्या हातात कोंबलं. ते नको म्हणण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं.

सोलिन काठावर वाट बघत उभा होता. तो कधी असा काठावर येत नसे. "मुलगी ना? मला आधीच कळलं. अनानच्या नवऱ्याने होडीतून सांगितलं. म्हणाला, तुझ्या बायकोने पोरीचा हात सोडला नाही." शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून आल्याचंही सोलिनने सांगितलं. त्याने लाडवांचं पुडकं तिच्या हातातून घेतलं आणि उंच धरून, दिसेल असं, चालू लागला. मोसेल मागून चालली. त्याची पाठ तिला दिसत होती, आणि ती पाठ अभिमानाने ताठ झाली होती. म्हाताऱ्या माणसाची पाठ अशी बघवत नाही.

जेवायला बसले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. तिने भाकरी तव्यावरून काढून त्याच्यापुढे ठेवली आणि दुसरी टाकली नाही.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तोंडाचं. त्या दिवशी बाजारात कळलं. त्याआधी कधीच नाही. साचा मी उचलला, तो हाताशी होता म्हणून. अंगठा हलका करते, कारण तिथे माती अडकते."

तो चावत होता. चावायचं थांबला नाही, फक्त सावकाश चावायला लागला.

"आणि ते गेलं तेव्हा मी रडले नाही. मला सुटल्यासारखं झालं. मला बहिणीसारखं मरायचं नव्हतं."

"तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस," तो म्हणाला.

"झोपले होते."

शेजारच्या अंगणात कोणीतरी टर्कींना हाका घालत होतं. सोलिनने घास गिळला. "म्हणजे त्याच्यासाठी रडलो तो मी एकटाच."

"सासूबाई रडल्या."

"आईचं काय. ती भाकरी करपली तरी रडायची." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. आता तो उठेल, असं तिला वाटलं. उठून बाहेर जाईल, किंवा पुडकं उचलून कालव्यात फेकेल, निदान ओरडेल. ती वाट बघत होती. तो तुकड्याकडे बघत म्हणाला, "मी त्याला नाव ठेवलं होतं. न जन्मलेल्याला नाव नसतं, ठाऊक आहे मला. पण ठेवलं होतं. साचा कोरताना त्याच नावाने बोलायचो त्याच्याशी."

"काय?" तिने विचारलं. "काय नाव?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो की तिथल्या बाईकडे बघतो तसा तो बघत होता, अदबीने, जरा लाजून.

"नको," तो म्हणाला. "ते आता माझ्यापाशीच राहू दे."

मग थोड्या वेळाने त्याने वाडगा पुढे सरकवला. "घेवडा वाढ."

तिने वाढला. आणखी वाढला. वाडगा भरत आला तरी तिचा हात थांबेना.

"पुरे," तो म्हणाला. तेव्हा ती थांबली.